परमुलखातला सण

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या अगदी पायथ्याचे गाव. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याची काळी, सपाट जमीन पसरलेली. उत्तरेला शिवार संपते न संपते तोच डोंगर उभा राहतो; त्यात अंबाबरवा अभयारण्य आणि पुढे सगळा मेळघाट. सोनाजी महाराजांच्या संस्थानामुळे पंचक्रोशी या गावाला ओळखते. खाली वऱ्हाडी गावांचे पोळा-दिवाळीचे वर्ष, वर कोरकू पाड्यांचे होळीचे वर्ष, आणि दोन्हींच्या सीमेवर हे गाव. दुसऱ्याच्या सणात आपण कोण, हा प्रश्न अशा ठिकाणी पुस्तकातून शोधावा लागत नाही.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलखात आलेल्या काही माणसांपुढेही होता. अमेरिकेतली ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था अकोला, खामगाव, बुलढाणा अशा गावांत ठाण मांडून बसली होती. कोरकूंमध्ये काम करण्यासाठी निघालेले दुसरे एक मिशन एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, आणि चिखलदरा भागात होते. ही माणसे न्यूयॉर्क, ओहायो, इंग्लंड मागे टाकून आली होती. घर सोडणे हा त्यांच्या व्रताचाच भाग होता. पण घर सोडलेल्या माणसाच्या वर्षातही घरचा सण येतोच. त्याचे काय करायचे?

अमेरिकन माणसाचा घरचा सण म्हणजे नाताळ, असे आपण आता समजतो. तेव्हा ते सरसकट खरे नव्हते. न्यू इंग्लंडच्या घरात आजी-आजोबांपासून पणतवंडांपर्यंत सगळे एका टेबलाभोवती बसत ते थँक्सगिव्हिंगला. जुना प्रांतिक सण होता तो. राष्ट्रीय झाला 1863 मध्ये. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि लिंकनने जाहीरनामा काढून नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार उपकारस्मरणाचा दिवस ठरवला. सारा जोसेफा हेल या संपादिकेने त्यासाठी वर्षानुवर्षे पत्रे लिहून पिच्छा पुरवला होता.

त्याच युद्धाने वऱ्हाडाचेही नशीब फिरवले. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, अमेरिकन कापूस लँकेशायरला पोचेना आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगावचा बाजार फुगला. 1870 मध्ये तर जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा आला. म्हणजे खामगावच्या मिशनरी बंगल्यात नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी कुणी प्रार्थनेला बसले असेल, तर बाहेरच्या रस्त्यावरून कापसाने लादलेल्या बैलगाड्या जात असणार. आतला सण आणि बाहेरचा हंगाम एकाच युद्धाची देणगी! इतिहास असले योग जुळवतो आणि कुणाला सांगतही नाही.

मुद्दा असा की थँक्सगिव्हिंग हा धर्मग्रंथातला सण नव्हे. तो त्यांच्या मातीतला सण. मग नाताळ तरी त्यांच्या धर्माचा होता का? इथे गंमत वाढते. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाही, हा सण रोमच्या चर्चने घुसडला, असे प्युरिटन मंडळींचे म्हणणे होते. दंड गेला तरी मनातली अढी गेली नाही. त्या राज्यात नाताळ अधिकृत सुट्टीचा दिवस झाला तो 1856 मध्ये. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चनेही नाताळ मोडीत काढला होता आणि तिथे तो सार्वजनिक सुट्टी व्हायला 1958 साल उजाडावे लागले.

आता मराठी ख्रिस्ती इतिहासाकडे पाहावे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. त्यांना पाठवणारी संस्था मॅसॅच्युसेट्समधली. अहमदनगरचे ठाणे 1831 चे. मुंबईत 1829 मध्ये आलेले जॉन विल्सन आणि नागपुरात 1845 मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप हे दोघे स्कॉटिश. मराठी मुलखात प्रॉटेस्टंट धर्म आणला तो बव्हंशी अशा लोकांनी, ज्यांच्या स्वतःच्या आज्याने 25 डिसेंबरला दुकान उघडे ठेवले होते. आणि आज नगरच्या कुठल्याही ख्रिस्ती गल्लीत डिसेंबरात चांदण्या टांगलेल्या, फराळाचे डबे भरलेले. पहिल्या मिशनऱ्यांना हे दाखवले असते तर त्यांनी बहुधा कपाळाला हात लावला असता.

गोव्यातली गोष्ट याच्या उलटी. फादर थॉमस स्टीफन्स हा विल्टशरचा इंग्रज जेझुइट 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात पोचला. पुढच्याच महिन्यात, 10 नोव्हेंबरला, त्याने वडिलांना प्रवासाची हकिकत सांगणारे लांबलचक पत्र लिहिले. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सा कायद्याने बंद होती. घरचा नाताळ जुन्या रिवाजाने करायचा तर दारे लावून. गोव्यातल्या साष्टीत मात्र तो उघड्यावर, घंटा वाजवून करता येत होता. या माणसाला त्याचा सण मिळाला तो घरापासून हजारो मैलांवर. तो परत गेलाच नाही. 1619 मध्ये इथेच वारला. त्याआधी 1616 मध्ये राचोलला त्याचे क्रिस्तपुराण छापून निघाले होते, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. त्याची सुरुवात एका धर्मांतरित ब्राह्मणाच्या तक्रारीने होते: जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, आता आम्ही वाचावे काय? पाद्र्याला आपला सण सापडला होता. ज्यांच्यासाठी तो आला त्यांचा मात्र हरवला होता. ही विषमता ध्यानात ठेवायला हवी.

त्या विषमतेकडे येण्याआधी मिशनऱ्यांच्या मुलांकडे वळले पाहिजे, कारण घरच्या सणाची खरी किंमत बहुतेकदा मुलांनी मोजली. मुले सहा-सात वर्षांची झाली की मायदेशी किंवा थंड हवेच्या ठिकाणी बोर्डिंगमध्ये, हा शिरस्ता होता. मसुरीजवळ लंडौरची वुडस्टॉक शाळा 1854 ची, कोडाईकॅनॉलची 1901 ची. या डोंगरी शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात नसे, हिवाळ्यात असे; त्यामुळे मुले नाताळच्या सुमारास खाली मैदानात आईबापांकडे येत. वुडस्टॉकला तर डोंगर उतरण्याच्या त्या दिवसाला स्वतंत्र नावच होते. म्हणजे नाताळ या सणाचा अर्थ त्या घरांत फार साधा होता: मुले घरी आली.

ज्यांची मुले येऊच शकत नव्हती त्यांचे काय? सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरावियन पंथाने 1732 पासून जगभर माणसे पाठवली. वेस्ट इंडीज, ग्रीनलंड, पुढे आपल्याकडे लाहौल आणि लडाखमध्येही. त्यांची मुले नीस्की आणि हेर्नहूटच्या वसतिगृहांत राहत. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीच्या तासाला कागदाचा तारा करण्याची पद्धत पडली. पुढे त्याचे रूप ठरून गेले: 25 टोके, त्यांतली 17 चौकोनी बुडाची आणि 8 त्रिकोणी बुडाची, आत दिवा. नाताळाआधीच्या चार आठवड्यांत मुले तो करून वसतिगृहात टांगत. आईबाप समुद्रापलीकडे असलेल्या पोरांनी भूमितीच्या वहीतून काढलेला हा सण. पुढे तो जर्मनीभर पसरला आणि त्याचा कारखानाही निघाला. आपल्याकडे डिसेंबरात टांगल्या जाणाऱ्या चांदणीची वंशावळ थेट तिथवर नेण्याचे कारण नाही. आपल्या आकाशकंदिलाचे कूळ वेगळे आहे. पण आईबापांच्या त्यागात मुलांच्या वाट्याला काय आले ते त्या ताऱ्याइतके स्पष्ट दाखवणारी वस्तू मिशनच्या इतिहासात दुसरी नसेल. मिशनच्या अहवालांत बाप्तिस्म्यांचे आकडे असत. कितव्या वर्षी आईला मूल पुन्हा दिसले, याचा रकाना नसे.

आता दुसरी बाजू. मिशनऱ्याने घर सोडले तरी त्याचा सण सोडायला कुणी सांगितले नव्हते. जमेल तसा, मिळेल त्या जिनसांत तो करीत असे. धर्मांतरिताचे उलटे होते. त्याने गाव सोडले नव्हते, तो त्याच वेशीत राहत होता, पण त्याच्या सणांवर फुली मारली गेली. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मधला. मधल्या काळात त्यांनी काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीची दिवाळी म्हणजे माहेर. धर्म बदलला की देव बदलतो हे दिसते. माहेरचा उंबरठाही बदलतो, ते तत्त्वज्ञानाच्या चर्चेत येत नाही. टिळकांनी पुढे मराठी भजन-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्ती उपासनेला देशी अंग दिले आणि 1917 मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ मांडला. हरवलेले काही तरी परत आणण्याचीच ती खटपट होती.

मात्र टिळकांच्या घरावरून सगळ्यांचा हिशेब करणे चुकीचे ठरेल. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. गावच्या सणात त्यांचा वाटा होता, पण तो बलुत्याचा: दारोदार जाऊन मागायचे सणाचे अन्न, आणि बदल्यात मेलेली ढोरे ओढण्यासारखी कामे. असा सण सुटला तर रडायचे कशासाठी? या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर वऱ्हाड-नागपूरनेच पाहिले. डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी 14 ऑक्टोबर 1956 हा दिवस निवडला. त्या दिवशी विजयादशमी होती. जुन्या वर्षातला दिवस घेतला, त्याला अशोकाचा संदर्भ दिला आणि लाखोंचे नवे वर्ष त्यावर उभे केले. इथे सण बाहेरून कुणी आणून दिला नाही, लोकांनी स्वतः निवडला. बुलढाणा जिल्ह्यातल्या बौद्ध घरांत दिवाळीला करंज्या कराव्यात की नाही यावर आजही सासू-सुनांत, बाप-लेकांत वाद होतात. ते वाद जिवंतपणाचे लक्षण आहेत; ज्यांना सण आयता मिळतो ते असे भांडत नाहीत.

करंजीचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. गोव्याच्या इन्क्विझिशनने 1736 मध्ये ख्रिस्ती झालेल्यांनी काय काय करू नये याची भलीमोठी यादी काढली. अंगणात तुळस नको, लग्नात विडे-फुले वाटणे नको, मिठाशिवाय भात शिजवणे नको, धोतर नको. इतक्या बारकाईने घरात शिरलेल्या त्या हुकमाला करंजी काही अडवता आली नाही. गोव्यात तिला नेवरी म्हणतात. हिंदू घरांत ती चवथीला होते, ख्रिस्ती घरांत नाताळच्या ‘कुसवाडा’त, आणि ताटे झाकून शेजाऱ्यांकडे जातात, तीही दोन्ही दिशांनी. देशावरच्या ख्रिस्ती घरात तेच. पारीला कडकडीत मोहन, सारणात भाजलेले सुके खोबरे, खसखस, पिठीसाखर, वेलची. कडेला दुधाचे बोट फिरवून मुरड घालायची किंवा कातणे फिरवायचे. दाब कमी पडला की करंजी कढईत उकलते, सारण तुपात उतरते आणि पुढचे सगळे घाणे काळे निघतात. तेव्हा जी बाई चिडते ती हिंदू की ख्रिस्ती हे नुसत्या आवाजावरून ओळखून दाखवावे.

देवशास्त्राने सणाचा अर्थ ठरवला आणि स्वयंपाकघराने त्याचा देह. मिशनऱ्यांना हे कळले नव्हते असे नाही. काहींनी तर स्वतःचेच बिऱ्हाड मोडून पाहिले. फ्रेडरिक टकर हा मुंगेरला जन्मलेला, सनदी नोकरीत असलेला इंग्रज. नोकरी सोडून तो साल्व्हेशन आर्मीत गेला आणि 19 सप्टेंबर 1882 रोजी तिचे पथक घेऊन मुंबईत उतरला. पुढे त्याने फकीरसिंग हे नाव घेतले, भगवी वस्त्रे घातली, अनवाणी फिरला, इथलेच जेवला. हे धाडस खरे, पण त्यातही एक खोट राहते. स्वतःचे सगळे टाकून दुसऱ्याचा वेश घेणारा माणूस दुसऱ्याला अखेर सांगतो काय, तर ‘तुझा देव टाक’. वेश घेणे सोपे; ज्याचा वेश घेतला त्याच्या अंगणात त्याच्याच सणाला पाहुणा म्हणून बसणे अवघड.

वऱ्हाडाला स्वतःचा असा प्रचारक पंथ आहे, हे अशा चर्चेत हमखास विसरले जाते. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे तीर्थ. पंथप्रवर्तक चक्रधरांनी अनुयायांना स्वदेश, स्वग्राम आणि सोयरे यांचा संबंध तोडायला सांगितले, पण महाराष्ट्रातच राहायलाही सांगितले. पुढे त्यांचे भिक्षू पंजाब ओलांडून काबूलपर्यंत गेले. तिकडे लोक त्यांना ‘जयकृष्णी’ म्हणत, आणि सांकेतिक लिपीतल्या मराठी पोथ्या तिथे जपल्या गेल्या. असा घर सोडायला लावणारा हा पंथ. पण त्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ उघडला तर त्यात दिवाळी भेटते. भक्तमंडळी जमलेली, तेल-उटणे, ऊन पाण्याचे नाहणे, ओवाळणी. नाते तोडून निघालेल्यांनी आपसांत दिवाळी केली आणि गुरूला ती चालली. त्यागाचा नियम आणि सणाची ओढ यांत कोण खरे, हे लीळाचरित्रकार म्हाइंभट सांगत बसत नाहीत. त्यांनी दोन्ही लिहून ठेवले. आधुनिक मिशनच्या पुढाऱ्यांपेक्षा तेराव्या शतकातल्या त्या लेखकाची समज या बाबतीत जास्त मोकळी वाटते.

सोनाळ्याच्या पाठीमागचा डोंगर आजही ध्येयवेड्या माणसांना बोलावतो, फक्त बहुतेकांच्या हातात आता धर्मग्रंथ नसतो. शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला गेले ते गांधी-विनोबांच्या प्रभावाने. त्यांनी लग्नासाठी घातलेल्या अटी महाराष्ट्राला पाठ आहेत: चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, महिन्याला चारशे रुपयांत संसार, पाच रुपयांत नोंदणी विवाह. नागपूरच्या डॉ. स्मिता कोल्हेंनी त्या मान्य केल्या. दोघांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, कार्यकर्ते असे कितीतरी खालच्या गावांतून वर जातात. त्यांतले बहुतेक दिवाळीला घरी परततात आणि त्यात वावगे काही नाही.

पण मेळघाटचा मोठा सण दिवाळी नव्हे. दिवाळीनंतर तिथे घुंगरू बाजार भरतो, थाट्या, म्हणजे गुराखी, बासरी-ढोलकीवर नाचतात, ते सारे खरे. तरी कोरकूंचे वर्ष फिरते होळीभोवती. कामासाठी दूर गेलेली कुटुंबे, वीटभट्टीवरची, बांधकामावरची, संत्र्याच्या बागांतली, होळीला पाड्यावर परत येतात. जे मालकाकडून उचल घेऊन अडकलेले असतात तेसुद्धा येतात. मग पाच दिवस काम नाही. रस्त्यावर दोर किंवा लाकूड आडवे टाकून फगवा मागितला जातो. गाडी कलेक्टरची असो, डॉक्टरची असो की संत्र्याच्या व्यापाऱ्याची. सगळ्यांना थांबावे लागते, चार पैसे द्यावे लागतात, ढोलाच्या ठेक्यावर घटकाभर उभे राहावे लागते. जिथे दुसऱ्या सर्व दिवशी बाहेरचा माणूस देणारा आणि कोरकू घेणारा अशी विभागणी पक्की असते, तिथे हे पाच दिवस मागण्याचा हक्क त्यांचा आणि पाहुणेपण बाहेरच्याचे. बाहेरच्याने त्या दिवसांत तिथे असावे की नसावे, याचे उत्तर त्याच्या भाषणांपेक्षा त्याच्या रजेच्या अर्जात जास्त नेमके सापडते.

सरकारी शाळेचे वर्ष मात्र अजून खालच्या गावांच्या सणांवर चालते. दिवाळीची सुट्टी लांबलचक, होळीची जेमतेम एक-दोन दिवसांची. आश्रमशाळेतली कोरकू मुले होळीला घरी जायची ती जातातच. हजेरीपटावर मग गैरहजेरीच्या खुणा पडतात आणि गळतीच्या अहवालात त्यांचे कारण पालकांची अनास्था असे लिहिले जाते. जिल्हाधिकाऱ्याला वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या देण्याचा अधिकार आहे आणि विदर्भात त्यांतली एक पोळ्याला देण्याची प्रथा आहे. बैल जोडणाऱ्यांसाठी जे सुचले ते भट्टीवरून परतणाऱ्यांसाठी सुचायला हरकत नव्हती. अमरावती आणि बुलढाणा या दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दी याच डोंगरात भिडतात, तेव्हा निर्णय करायचा तर तो दोन कार्यालयांना मिळून करावा लागेल.